आरओच्या पुश कनेक्टरमधून नळी न तोडता कशी काढायची? परत बसवली की गळते, ते का?

नळी नुसती ओढू नका. जितकी ओढाल तितकी ती आत घट्ट धरली जाते. कनेक्टरच्या तोंडाशी नळीभोवती एक छोटी प्लॅस्टिकची रिंग दिसेल, तिला कॉलेट म्हणतात. तिच्या आतल्या बाजूला स्टीलचे बारीक दात असतात. नळी बाहेर यायला लागली की ते तिच्यात रुततात.

आधी पाण्याचा कॉक बंद करा आणि टाकीचा नळ उघडून दाब जाऊ द्या. दाब असताना कॉलेट सुटत नाही. रिंगखाली निळी किंवा लाल क्लिप असेल तर ती काढा. मग नळी किंचित आत ढकला, दोन नखांनी कॉलेट सगळीकडून सारखी आत दाबून धरा आणि तशीच धरून नळी सरळ बाहेर घ्या. एकाच बाजूने दाबलं तर उरलेले दात सोडत नाहीत.

गळतीचं कारण बहुतेक वेळा नळीच्या टोकावर सापडतं. पाणी दात अडवत नाहीत, त्यांच्यामागची रबरी ओ-रिंग अडवते. नळीवर पडलेले दातांचे ओरखडे ओ-रिंगपाशी आले की तिथून थेंब झिरपतो. म्हणून ओरखडे पडलेला तुकडा धारदार ब्लेडने काटकोनात कापून टाका. कात्रीने नळी चेपते, ती वापरू नका. परत बसवताना नळी पहिल्या अडथळ्यावर थांबेल, तिथून आणखी जोर लावून तळाला टेकवा.

नवा कनेक्टर घेताना पाव इंची, म्हणजे 6.35 मिमीचाच मागा. कॉम्प्रेसरच्या हवेचे 6 मिमीचे कनेक्टर दिसायला तसेच असतात, पण ते चालत नाहीत.