पाथर्डी फाट्यावर स्वस्तातलं इटालियन: आधी परवानगी, मग भाडं

ताई, तुमची पोस्ट वाचली. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ गाळा बघितलाय, पिझ्झा-पास्ता ठेवायचाय, दोघांचं चारशे रुपयांत पोट भरलं पाहिजे, आणि गाळामालक म्हणतोय की ॲग्रीमेंट करून टाका, परवानग्या काय मागाहून होतील. हे शेवटचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. आम्ही दोघा भावांनी इंदिरानगरला असंच छोटं इटालियन टाकलं, आजही चालू आहे, पण आमचे सगळ्यात जास्त पैसे ना ओव्हनला गेले ना चीजला, ते गेले बंद शटरच्या भाड्यात.

फूड लायसन्स, शॉप ॲक्ट, जीएसटी हे सगळं सीए करून देतो, त्यावर लिहीत नाही. आमचं घोडं अडलं एका कार्यालयात, नाव घेत नाही. फाईल दिली तर क्वेरी आली की वरच्या मजल्यावाल्यांचं संमतीपत्र नाही. ते दिलं. मग नकाशाची प्रत पुसट आहे. नवी दिली. मग म्हणे हिच्यावर आर्किटेक्टचा शिक्का पाहिजे. अहो मग पहिल्याच दिवशी काय काय लागतं ते एका कागदावर लिहून द्या ना! साहेब साईटवर, साहेब मीटिंगला, मधेच टेबल बदललं आणि नवीन माणसाने फाईल परत पहिल्या पानापासून वाचायला घेतली. उन्हाळ्याची सुट्टी, म्हणजे पोराबाळांना घेऊन लोक बाहेर खायला येतात तो काळ, पूर्ण गेला. भाडं चालू, कूकचा पगार चालू, कारण त्याला सोडला असता तर तो कॉलेज रोडला कुठेतरी लागला असता. कोणी पैसे मागितले असंही नाही, नुसती बेफिकिरी, आणि त्याचाच जास्त राग येतो.

म्हणून माझं स्पष्ट मत, भाडं परवानगी हातात आल्याच्या तारखेपासून सुरू, असं ॲग्रीमेंटमध्ये लिहून घ्या. डिपॉझिट थोडं जास्त द्यावं लागलं तरी चालेल. मालक अजिबात ऐकत नसेल तर दुसरा गाळा बघा, फाट्यापासून अंबड लिंक रोडपर्यंत गाळे कमी नाहीत. कार्यालयात प्रत्येक कागदाच्या आपल्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या, तोंडी क्वेरी ऐकून घरी येऊ नका, लेखी मागा. लोकसेवा हक्क कायदा 2015 पासून आहे, मुदतीत काम झालं नाही तर त्याच खात्यात पहिलं अपील, मग दुसरं, आणि त्यानंतर आयोग. आमची फाईल पहिलं अपील टाकल्यावरच हलली. अर्थात प्रत्येक परवानगी त्या कायद्याखाली येतेच असं नाही, आपले सरकार पोर्टलवर यादी बघून घ्या, मी वकील नाही. आणि 2027 च्या सिंहस्थाच्या कामात सगळी खाती अडकलेली असणार, त्यामुळे फाईल आजच टाका.

आता तुमच्या बाकीच्या प्लॅनबद्दल. लाकडाच्या भट्टीचा विचार सोडा. नेपल्सचा पिझ्झा साडेचारशे डिग्रीच्या आसपास दीड मिनिटात होतो, ते खरं आहे, पण वर लोक राहतात त्या बिल्डिंगमध्ये धूर सोडून तुम्ही रोज भांडणं ओढवून घ्याल. साधा विजेवरचा डेक ओव्हन (सपाट तळाच्या कप्प्यांचा) घ्या, त्याआधी गाळ्याचा वीजलोड किती मंजूर आहे ते बघा. हॉटेलच्या 5 टक्के जीएसटीत इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळत नाही, म्हणजे ओव्हनवर भरलेला 18 टक्के तुमच्याच खिशातून, तोही खर्चात धरा.

गिरणारे-पिंपळगावचा टोमॅटो बाजार जवळ म्हणून तुम्ही सॉस रोज ताज्या टोमॅटोचा धरलाय. 2023 च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभरीपार गेला होता आठवतंय? तेव्हा चारशेचं बिल पाचशे नाही करता येत, गिऱ्हाईक तुटतं. भाव पडलेले असतात तेव्हा सॉस करून डीप फ्रीजरला टाका, आम्ही तेच करतो. कांदा-लसूण नसलेला सॉस पहिल्या दिवसापासून वेगळ्या भांड्यात, वेगळ्या पळीने. जैन मंडळी एकदा विश्वास बसला की अख्खं कुटुंब घेऊन येतात. पास्ता घेताना पाकिटावर ड्युरम गहू (पास्त्याचा कडक गहू) लिहिलेला बघा, मैद्याचा पास्ता पाच मिनिटं ताटात राहिला की लगदा. बेसिल महाग पडतं तर कुंडीत सब्जा लावा, जात तीच आहे, वास थोडा उग्र येतो एवढंच. वाईनच्या परवान्याचं सध्या नकोच, एक फाईल पुरे आहे.

आणि हो, मेन्यूवर पार्मेझान चीज लिहिणार असाल तर सप्लायरकडून रेनेट, म्हणजे चीज करताना दूध गोठवायला घालतात ते, कुठलं ते लेखी घ्या. इटलीतल्या अस्सल पार्मेझानमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट असतं. शुद्ध शाकाहारी बोर्ड लावून असलं चीज वाढणं मला तरी पटत नाही, शाकाहारी रेनेटवालं मिळतं, तेच घ्या.