ब्रिटनशी व्यापार करार झाला म्हणजे वेंगुर्ल्यात स्कॉच अर्ध्या किमतीत मिळणार का?
नाय हो, अर्धी कुठली. 24 जुलै 2025 ला भारत-ब्रिटन करारावर सह्या झाल्या, त्यात स्कॉचवरची 150 टक्के कस्टम ड्युटी करार लागू होताच 75 वर आणि दहाव्या वर्षापर्यंत 40 वर येणार असं ठरलंय, म्हणजे 1000 रुपयांच्या मालावर आधी 1500 ड्युटी होती ती 750 होईल, पण दुकानातल्या किमतीत राज्याची एक्साइज आणि व्हॅट असतोच, दारू जीएसटीत नाहीये ना, त्यामुळे ते तसंच राहतं. मला खरी तळमळ वेगळीच आहे, गोव्याच्या काजू फेणीला 2009 ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला आणि आपल्या सिंधुदुर्गात बोंडू, म्हणजे ज्यापासून फेणी होते ती काजूची फळं, अजून बागेत झाडाखाली कुजतात.