घरकुल वस्तीत पोट्ट्यांसाठी, म्हाताऱ्यांसाठी काही सुरू करायचं असेल तर

भाऊ, सुरुवातीलेच संगणक, लायब्ररी, योगा असं सगळं नको काढू. एकच गोष्ट धर, आठवड्यातून दोनदा, दोनच जण आले तरी बंद नाही पाडायची. वेळ मात्र बायांना विचारून ठरव, कापूस वेचणीच्या दिवसांत अंधार पडेपर्यंत कोणी मोकळं नसते.

पोट्ट्यांना आधी कॅरम, कबड्डी, अभ्यास मागून हळूच. म्हातारे भाषणाले येत नाहीत, कामाले येतात, श्रावणबाळ योजनेच्या पेन्शनचा फॉर्म (वय ६५ लागते), बँकेचं आधार लिंक एवढं करून दे, मग खंजेरी घेऊन भजनाले स्वतःच बसतात, शेवटी तुकडोजी महाराजांचा मुलूख आहे आपला.

अन् उद्घाटनाले पुढारी नको, अर्धी वस्ती तिथंच तुटते. फंड, रजिस्ट्रेशन नंतर पाहू, आधी समाजमंदिराची किल्ली कोणाकडं राहते ते विचार.