नववीतल्या मुलीला दोन दिवसांच्या ट्रेकिंग शिबिराला पाठवावं का? अभ्यास बुडेल का?

पाठवा. दोन दिवसांनी नववी बुडत नाही.

उदाहरणार्थ, लोणावळ्याहून राजमाची किल्ला म्हणजे साधारण 15 किलोमीटरची चाल. स्वतःची सॅक स्वतः वाहायची, पाणी पुरवून प्यायचं, मागे पडलेल्यासाठी थांबायचं. गडाजवळच्या उधेवाडी गावात मुक्काम, सकाळी राजमाचीचा श्रीवर्धन बालेकिल्ला. मात्र खरी शिकवण गडावर नसते. ‘आता आणखी किती?’ असं दहाव्यांदा विचारून झाल्यावर पोरं गप्प होतात आणि चालू लागतात, तिथे असते. शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांनी 1941 मध्ये वेल्समधल्या अ‍ॅबरडोव्ही इथे ‘आउटवर्ड बाउंड’ हे साहसी प्रशिक्षण केंद्र सुरू केलं, त्यामागेही हाच विचार होता: अंगात ताकद असते, पण ती आहे हे कळायला प्रसंग लागतो.

पैसे भरण्याआधी आयोजकांना थेट विचारा: किती मुलांमागे एक प्रशिक्षक? सोबत महिला प्रशिक्षक आहे का? प्रथमोपचार कोणाला येतो? जवळचा दवाखाना कुठे? राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार नोंदणी केली आहे का? उत्तरं गुळमुळीत आली तर सोडून द्या. ऐन जुलैच्या पावसातलं पहिलं शिबिर मी तरी टाळेन; डिसेंबर बरा.

आणि हो, नवे बूट आदल्या दिवशी घेऊ नका. पाय सोलवटतात.