एमएसचा पुढचा कल कशावरून ओळखायचा?

प्रश्न : माझी मुलगी २७ वर्षांची आहे. गेल्या वर्षी तिला एका डोळ्याने अंधुक दिसायला लागलं, महिन्याभरात नजर पूर्ववत झाली. यंदा दिवाळीनंतर डावा पाय बधिर झाला. डॉक्टरांनी मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) सांगितलं आहे. ती अंथरुणाला खिळेल का?
– एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : एमएस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावर हल्ला करते तो आजार. त्यात अमुक वर्षी पाय जातील, असं कुणीच सांगू शकत नाही. कल मात्र ओळखता येतो. सुरुवात डोळ्यापासून झाली आणि नजर पूर्ण परतली, ही जमेची बाजू. पायातली ताकद जाणं, तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं अशी सुरुवात असती किंवा चाळिशीनंतर आजार उद्भवला असता, तर काळजी जास्त होती. पहिल्या दोन वर्षांतल्या झटक्यांना, म्हणजे लक्षणं नव्याने उफाळण्याला, फार वजन आहे. म्हणून कल कळेपर्यंत औषध लांबवू नका.

एमआरआयमधले डाग, म्हणजे आजाराने इजा झालेल्या जागा, किती, तसेच कुठे आहेत, हे विचारा. मेंदूच्या देठात, लहान मेंदूत किंवा मज्जारज्जूत असतील तर धोका वाढतो. मज्जारज्जूचा एमआरआय राहिला असेल, तर तोही करून घ्या. ॲक्वापोरिन-४ आणि मॉग अँटिबॉडीची रक्ततपासणी लागेल का, हेही डॉक्टरांना विचारा. या अँटिबॉडी ज्यांत सापडतात ते आजार एमएससारखेच दिसतात, पण वेगळे आहेत. एमएसची काही औषधं त्यात उलटतात.

घरी एक मोजमाप ठेवा. व्हरांड्यात एकमेकींपासून ७.६ मीटरवर खडूने दोन रेघा मारा. मुलीला पडणार नाही इतपत भरभर चालू द्या, दोनदा वेळ घ्या, सरासरी लिहा. तीन महिन्यांतून एकदा, तीच चप्पल, सकाळचीच वेळ. वेळ २० टक्क्यांनी वाढली आणि वाढलेलीच राहिली, तर डॉक्टरांना दाखवा. मे महिन्यात भर दुपारी, तापात किंवा लघवीच्या संसर्गात मोजू नका. अंगातली उष्णता वाढली की जुनीच लक्षणं वर येतात. ताप नसताना नवं लक्षण २४ तासांहून जास्त टिकलं, तर मात्र झटका समजून लगेच फोन करा. घरात कुणी सिगारेट ओढत असेल, तर ती बंद व्हायला हवी. मुलगी स्वतः ओढत असेल तर आजच.

औषध सुरू झाल्यावर साधारण सहा महिन्यांनी एमआरआय, मग वर्षातून एकदा, शक्यतो त्याच यंत्रावर. सीपीआर या सरकारी रुग्णालयात दाखवा की खासगीत, सोबत नुसता रिपोर्ट नेऊ नका, सीडी न्या. नवा डाग जुन्या चित्राशेजारी ठेवूनच कळतो. झटका नसतानाही नवे डाग दिसत राहिले, तर औषध बदलायचं का, हे त्याच भेटीत विचारा.