मागच्या चाकांना डिस्क लावण्याआधी टायरवरची तारीख वाचा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. २०१६ची अल्टो ८००, जुनी घेतलेली, ७८ हजार किलोमीटर झालेली. चिखलदऱ्याहून परतवाड्याला उतरताना ब्रेकचं पेडल खाली खाली जायला लागलं. सपाट रस्त्यावर ८०च्या वेगात ट्रॅक्टरला ओव्हरटेक करताना गाडीची मागची बाजू लहरते. हातात २५ हजार आहेत आणि मागे ड्रमऐवजी डिस्क ब्रेक, गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा आणि रुंद टायर असा बेत आहे. बायको-मुलं गाडीत असतात म्हणून हा खटाटोप, असंही लिहिलंय. म्हणूनच स्पष्ट सांगतो: डिस्क आणि स्प्रिंगा दोन्ही विसरा. हाच पैसा गाडीचं जे झिजलंय, सुकलंय, सैल झालंय ते नवं करण्यात घाला.

आधी एक तपासणी करा. सकाळी रिकामा, कोरडा, सरळ डांबरी रस्ता बघा. मागेपुढे कुणी नाही याची खात्री करून ४०च्या वेगात ब्रेक जोरात दाबा. पुढची चाकं जाम होऊन टायर किंचाळले, तर ब्रेकमध्ये ताकद पुरेशी आहे. चाक जाम झाल्यावर त्याहून मोठा ब्रेक काहीच जास्त करू शकत नाही, कारण आता गाडीला टायर आणि डांबर यांच्यातली पकडच थांबवणार. गाडी एका बाजूला ओढली गेली, तर पुढच्या दोन चाकांपैकी एकाच्या कॅलिपरची (डिस्कला पॅड दाबणाऱ्या चिमट्याची) पिन अडकली असण्याची शक्यता मोठी. पिना साफ करून ब्रेकचंच खास ग्रीस लावलं की बहुतेक वेळा काम होतं. एप्रिल २०१९पासून प्रत्येक नव्या कारला एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं. तुमच्या गाडीत ते नसणार, म्हणून जाम झालेलं चाक सुटण्यासाठी पेडल किंचित सैल करून पुन्हा दाबायची सवय पायाला लावून घ्या. चाक जाम असताना स्टिअरिंग फिरवून गाडी वळत नाही.

हे मी भोगून शिकलो. डिसेंबरची रात्र, अकोटहून अंजनगावकडे येत होतो, मागे आई बसलेली. कपाशीच्या वावरातून एक रोही (नीलगाय) रस्त्यावर आला, पार झाला. मी पाय सैल सोडला आणि त्याच्या मागून दुसरा आला. ब्रेक असा लागला की चारही चाकं जाम, तरी गाडी घसरतच गेली आणि रोह्याचा मागचा भाग बॉनेटवर आदळला. आईच्या कपाळाला समोरची सीट लागली. दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रीला म्हणालो, ब्रेक मोठे करून दे. त्याने टायरला नख लावून दाखवलं. नक्षी अर्धी शिल्लक होती, पण रबर लाकडासारखं झालेलं. सात वर्षं जुने टायर आणि आपला ४५ अंशांचा उन्हाळा. रोही कळपाने फिरतात, एक गेला की दुसऱ्याची वाट बघायची, हेही त्याच रात्री कळलं.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा. तुमचे टायर गाडीबरोबरचे असतील किंवा सहा-सात वर्षांहून जुने असतील, तर नक्षी कितीही दिसो, चारही बदला. कायद्याने नक्षीची किमान खोली १.६ मिलिमीटर आहे, पण पावसाळ्यात पांदण रस्त्यावरून ट्रॅक्टरने आणलेली काळी माती डांबरावर पसरलेली असते, तिथे ३ मिलिमीटरच्या खाली जाऊच नका. माप कंपनीचंच ठेवा, १४५/८० आर १२. इतक्या हलक्या गाडीला फार रुंद टायर लावला तर पाण्यावर तो लवकर तरंगतो, आणि पॉवर स्टिअरिंग नसेल तर खांदे दुखतील ते वेगळंच. तरी कुणी दुसरं माप सुचवलंच, तर मापाशेजारचा भाराचा आकडा बघा. ७४ म्हणजे एका टायरला ३७५ किलो, त्याखालचा घेऊ नका. पैशाअभावी दोनच टायर घेतले तर नवे मागे लावा. सगळे पुढे लावतात, पण ओल्यात मागचं चाक सुटलं की गाडी गरकन फिरते आणि सावरायला वेळ मिळत नाही.

हवा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे, सकाळी थंड टायरमध्ये. आपल्याकडे उन्हाळ्यात ‘हवा कमी ठेवा, नाहीतर फुटते’ म्हणतात. ते उलट आहे. हवा कमी असली की टायरची भिंत जास्त दुमडते, जास्त तापते, आणि असाच टायर फुटतो.

आता घाटातलं पेडल. पेडल कडक राहून गाडी थांबत नसेल तर पॅड तापलेत. पेडल स्पंजसारखं होऊन खाली जात असेल, जसं तुमचं गेलं, तर ब्रेक ऑइलवर संशय घ्या. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ३ (हा ऑइलचा दर्जा) किमान २०५ अंशांना उकळतं, ओलावा धरलेलं १४० अंशांच्या आसपास. डॉट ४चे तेच आकडे २३० आणि १५५. उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि तुमचा दाब चाकापर्यंत पोचतच नाही. दोन वर्षांनी ऑइल बदलायचं असतं. तुमच्या गाडीचं कधी बदललं हे आधीच्या मालकालाही सांगता येईल का, शंकाच आहे. बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीच्या झाकणावर जे लिहिलंय तेच वापरा आणि सीलबंद डबा स्वतःसमोर फोडायला लावा. चारही चाकांतून जुनं काढून हवा काढली पाहिजे, वरून भर घालून भागत नाही. त्याच वेळी रबरी होजला भेगा आहेत का, मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ऑइलला देणारा) आणि मागचा व्हील सिलिंडर गळतोय का, हे बघून घ्या. थंड गाडीतही पेडल हळूहळू खाली जात असेल तर दोष ऑइलचा नाही, मास्टर सिलिंडरचा असू शकतो.

मागच्या ड्रममध्ये आपल्याकडची धूळ साचते. दर दहा हजार किलोमीटरला ड्रम उघडून साफ करा, लायनर (ड्रमला आतून घासणारे पट्टे) आणि त्यांचं ड्रमपासूनचं अंतर बघा. हँडब्रेक फार वर येतो म्हणून नुसती केबल ताणणारे मिस्त्री खूप आहेत. आधी लायनर जुळवायचे, मग केबल.

मागे डिस्क का नको तेही सांगतो. जोरात ब्रेक दाबला की वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात, थांबवण्याचं बरंचसं काम पुढचे डिस्कच करतात. कंपनीने पुढच्या-मागच्या दाबाचं प्रमाण ड्रमसाठी बसवलेलं असतं. तिथे दुसऱ्या गाडीचा कॅलिपर आला की ते बिघडतं, आणि मागची चाकं आधी जाम झाली तर ओल्या वळणावर गाडी आडवी. हँडब्रेकचा प्रश्न उरतोच. शिवाय गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. उद्या अपघात झाला आणि विमावाल्याने गाडीतला बदल पाहिला, तर तुमच्याच अडचणी वाढतील.

स्प्रिंगांचंही तसंच. अल्टोचा ग्राउंड क्लिअरन्स १६० मिलिमीटर. गावातले घरगुती स्पीड ब्रेकर आणि चाकोऱ्या बघता तोच पुरतो कुठे? कडक, बुटकी स्प्रिंग गुळगुळीत रस्त्यावर छान वाटते. आपल्या ठिगळांच्या रस्त्यावर चाक उसळतं, आणि उसळलेल्या चाकाला पकड शून्य. मागून लहरण्याचं कारण बहुधा संपलेले शॉकअप किंवा मागचे फाटलेले बुश (सांध्यांतले रबर) असेल. शॉकअपवर तेलाचा ओघळ दिसला, टायर कप्प्याकप्प्याने झिजलेला असला, की शॉकअप गेला. जोडीनेच बदला. पुढे लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट आणि स्टिअरिंगचे टाय रॉड एंड जॅकवर हलवून बघा. हे सगळं झाल्यावरच अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग, सैल भागांवर केलेली अलाइनमेंट टिकत नाही. परतवाड्यात किंवा अमरावतीत जिथे करून घ्याल तिथे आधीचा आणि नंतरचा छापील कागद मागा.

आणि टपावर कॅरिअर असेल, तर हंगामात सोयाबीनचे कट्टे त्यावर टाकू नका. उंचावरचं वजन कुठल्याही शॉकअपला सावरत नाही.

शेवटी घाट. चिखलदरा सुमारे ११०० मीटरवर, परतवाडा चारशेच्याही खाली. ही सातशे मीटरची उतराई फक्त ब्रेकवर केली, तर हवा आणि रस्त्याचा विरोध सोडल्यास, गाडी ८०वरून पूर्ण थांबवायला जेवढी उष्णता लागते तिच्या जवळजवळ २८ पट उष्णता ब्रेकमध्ये जाते. नवं ऑइलही त्याला कधीतरी हरणार. म्हणून दुसऱ्या गिअरवर उतरा, वेग वाढला की थोडा वेळ नीट दाबून कमी करा आणि पाय पूर्ण उचला. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणारे पाहतो तेव्हा जीव थरथरतो. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअरवर उतरताना पेट्रोल बंदच असतं, न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला लागतं. इंजिन बंद केलं तर दोन-तीन दाबांनंतर पायाचा जोर वाढवणारा ब्रेकचा बूस्टरही जातो.

तुमच्या २५ हजारांतले निम्मे टायरला जातील, उरलेल्यात ऑइल, लायनर, बुश आणि मागचे शॉकअप बसावेत. आजच्या आज सगळं जमणार नसेल तर ऑइल उद्याच बदला, आणि ते होईपर्यंत मुलांना घेऊन घाटात जाऊ नका.