आधी नंबर नीट करा, मग फोन जोडा

प्रश्न : नाशिकच्या सातपूरला आमचं हायड्रॉलिकच्या सुट्या भागांचं काम आहे, चौदा माणसं. हिशेब टॅलीत, चौकशा एक्सेलमध्ये. इंटरनेट फोन घेतला तर घंटी वाजताच पार्टीचं नाव आणि बाकी स्क्रीनवर दिसेल का?

दिसेल, आणि तुमच्याएवढ्या कंपनीने हे करायलाच हवं. जुना ग्राहक फोन करतो आणि आपण त्याला "कोण बोलताय?" विचारतो, तेव्हा दहा वर्षांचा व्यवहार आपण विसरलो असं त्याला वाटतं.

इंटरनेट फोनमध्ये घंटी वाजण्याआधीच समोरच्याचा क्रमांक तुमच्या पीबीएक्सकडे, म्हणजे ऑफिसचे फोन जोडणाऱ्या यंत्रणेकडे, पोचलेला असतो. पीबीएक्स त्याच क्षणी तुम्ही ठरवून दिलेल्या पत्त्यावर निरोप धाडतो, त्याला वेबहूक म्हणतात. मधला एक छोटा प्रोग्रॅम तो क्रमांक घेऊन खातं शोधतो. टॅलीला अशी विचारणा एक्सएमएल नावाच्या ठरीव मांडणीतून करता येते, बहुधा ९००० क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या त्या क्रमांकाच्या दारावर. हे पोर्ट ऑफिसच्या आतच ठेवा, इंटरनेटवर उघडं सोडू नका. शिवाय टॅली चालू असलेला कॉम्प्युटरच अकाउंटंट संध्याकाळी बंद करून गेला, तर विचारायचं कुणाला? म्हणून मी पार्ट्यांच्या येणे-बाकीची यादी दर पंधरा मिनिटांनी वेगळ्या तक्त्यात उतरवून घ्यायला सांगतो. फोन आला की तो तक्ता बघायचा. आणि बाकीचा आकडा विक्री व वसुलीच्या माणसांनाच दिसू द्या, स्टोअरच्या मुलाला नाव पुरे.

हे सगळं प्रोग्रॅमरचं दोन-चार दिवसांचं काम. खरा वेळ जातो तुमच्या नंबरांत. एकाच पार्टीचा नंबर कुठे शून्य लावून, कुठे +९१ लावून, कुठे मध्ये जागा सोडून, तर कुठे एकाच रकान्यात तिरकी रेघ मारून दोन नंबर. एक्सेल तर सुरुवातीचा शून्य खातं आणि बारा आकड्यांचा नंबर ९.१९ई+११ असा दाखवतं. तो तसाच सेव्ह करून दुसरीकडे नेला, की मागचे आकडे कायमचे गेले. रकाना आधी 'टेक्स्ट' करा, मगच नंबर भरा. जुळवताना फक्त शेवटचे दहा आकडे बघायचे. नाशिकच्या लँडलाइनलाही हा नियम चालतो, कारण २५३ आणि पुढचे सात मिळून दहाच होतात.

आणखी एक. एका मालकाच्या दोन फर्म असतात, आणि एका फर्मचे मालक, परचेसवाले, स्टोअरकीपर असे तीन नंबर. म्हणून नंबर टॅलीच्या खात्यात कोंबू नका. नंबर, माणूस, फर्म अशी वेगळी यादी करा. दोन फर्म निघाल्या तर स्क्रीनवर दोन्ही दिसू द्या, उचलणारा ओळखेल. ही यादी पुरी होईपर्यंत कुठल्याही सॉफ्टवेअरवाल्याला आगाऊ रक्कम देऊ नका.

प्रश्न : अंबडच्या आमच्या ऑफिसात १०० एमबीपीएसचं फायबर आहे, तरी आवाज तुटतो. कधी समोरच्याला ऐकू येतं, आम्हाला नाही. लाइन वाढवून घ्यावी का?

नको. आवाज पाठवायच्या जी.७११ या नेहमीच्या पद्धतीत एका कॉलला दोन्ही दिशांना प्रत्येकी साधारण १०० केबीपीएस धरले तरी पुरतात. आठ कॉल एकदम चालले तरी एका दिशेला १ एमबीपीएस होत नाही. आवाज सेकंदाला पन्नास तुकड्यांत जातो, आणि ते तुकडे वेळेवर पोचणं महत्त्वाचं. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग किंवा टॅलीचा बॅकअप त्याच वेळी वर चढत असेल, तर आवाजाचे तुकडे रांगेत अडकतात. राउटरमध्ये आवाजाला पहिला मान द्या, बॅकअप रात्री घ्या आणि टेबलावरचा फोन वायफायऐवजी केबलने जोडा.

एकतर्फी आवाजाचं कारण वेगळं. कॉल जुळवण्याची बोलणी एसआयपी नावाच्या ठरलेल्या भाषेतून होतात, आवाज मात्र वेगळ्या वाटेने येतो. आवाज कुठे पाठवायचा हे सांगताना तुमचा फोन ऑफिसच्या आतला पत्ता देतो. पत्रावर गाव-गल्ली न लिहिता नुसता वाड्यातल्या खोलीचा नंबर लिहावा, तसं. ते पत्र येणार कसं? राउटरमधली 'एसआयपी एएलजी' नावाची सोय हा पत्ता दुरुस्त करू पाहते आणि पुष्कळदा आणखी बिघडवते. आधी ती बंद करा. निम्म्या तक्रारी मी एवढ्यावरच मिटताना पाहिल्या आहेत.

प्रश्न : ॲस्टरिस्क हे पीबीएक्सचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. स्वतःचं बसवावं, की क्लाउडवाल्याला महिना द्यावा?

रोज लक्ष ठेवणारं माणूस नसेल तर महिना द्या. ॲस्टरिस्क उत्तम आहे, १९९९ पासून जगभर वापरात आहे, पण ते सांभाळावं लागतं. माझ्या हातून झालेली चूक सांगतो. एका ग्राहकाकडे चाचणीसाठी १००१ हे एक्स्टेंशन केलं, पासवर्डही १००१ ठेवला आणि काढायचा विसरलो. दिवाळीच्या सुट्टीत कुणीतरी बाहेरून ते हेरलं आणि रात्रभर परदेशी फोन लावले. ते बिल मी भरलं, पण सुट्टीतला तो सकाळचा फोन, त्या गृहस्थांचा घाबरलेला आवाज अजून आठवतो. ५०६० हे एसआयपीचं पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर चोवीस तास चालू असतात. आयएसडी बंदच ठेवा, द्राक्षाचे निर्यातदार वगैरे असाल तर लागतील तेवढेच देश उघडा, आणि दिवसाच्या खर्चाला मर्यादा घाला.

प्रश्न : पंचवटीत आमचा ट्रॅव्हल्सचा व्यवसाय आहे. २०२७ च्या सिंहस्थासाठी जुन्या यात्रेकरूंना सॉफ्टवेअरमधून आपोआप फोन लावायचे आहेत.

साध्या नंबरावरून हे करू नका, कळकळीने सांगतो. जाहिरातीच्या फोनसाठी टेलिकॉम कंपनीकडे नोंदणी लागते, १४० ने सुरू होणारा क्रमांक लागतो आणि डीएनडी, म्हणजे असे फोन नको म्हणणाऱ्यांची यादी, गाळावी लागते. टेलिकॉम नियामक ट्रायने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट बजावलं आहे की नोंदणी न करता एसआयपी किंवा इतर लाइनवरून असे फोन करणाऱ्यांच्या सगळ्याच लाइन दोन वर्षांपर्यंत बंद होऊ शकतात. ऐन पर्वणीत ऑफिसचे फोन मुके झाले तर? त्यापेक्षा चुकलेल्या कॉलची यादी सॉफ्टवेअरला करायला लावा आणि अर्ध्या तासात माणसाने परत फोन करावा. ज्याने स्वतःहून फोन केला होता, त्याला राग येत नाही.

प्रश्न : गंगापूर रोडला दुकान, तीस वर्षांचा ०२५३ चा नंबर. तो नव्या कंपनीकडे नेता येईल का?

नाही, नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय आपल्याकडे मोबाइललाच आहे. तुमच्याच कंपनीला याच नंबरावर एसआयपी ट्रंक, म्हणजे इंटरनेट फोनला जोडता येणारी लाइन, मिळेल का विचारा. नाही मिळाली, तर जुनी लाइन ठेवून तिचे फोन नव्या नंबरावर फॉरवर्ड करा. मात्र पैसे भरण्याआधी दोन-तीन मोबाइलवरून फोन लावून बघा, की नव्या फोनवर लावणाऱ्याचा नंबर उमटतो की दुकानाचाच जुना. दुकानाचाच उमटला, तर ग्राहकाचं खातं उघडणार नाही.